फूड ग्रेड पन्नी, सावजीचा रस्सा आणि फ्लेक्सवरच्या कुरड्या

कोणाकडे लग्न असो की साक्षगंध, जेवणं आटोपली की कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन मोबाइल दाखवते. फोटोत कधी पन्नी, कधी डबा, कधी मसाल्याचं पाकीट. "भाऊ, तुम्ही पन्नीच्या लाइनमध्ये आहात ना, मग सांगा बरं, हे फूड ग्रेड आहे का?" मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत पॅकिंगची प्लॅस्टिक फिल्म बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचं काम पाहतो, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला. फोटोवरून सांगता येत नाही असं म्हटलं की लोकांना वाटते भाऊला भाव चढला.

खरं सांगायचं तर तो प्रश्नच अर्धा असतो. फूड ग्रेड म्हणजे अन्नासाठी चालणारं, पण कोणत्या अन्नासाठी, हे कोणी विचारत नाही. तीच पन्नी तुरीच्या डाळीसाठी एकदम झकास असते आणि गरम रश्श्यासाठी बेकार. प्लॅस्टिक तेच, कंपनी तीच, सर्टिफिकेटही तेच. आत काय भरता, किती गरम भरता, किती तेलकट आहे आणि किती दिवस राहणार आहे, या चार गोष्टी कळल्याशिवाय मी तर काय, कोणती लॅबही उत्तर देऊ शकत नाही. म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू, म्हणजे पुढच्या साक्षगंधात लिंक पाठवता येईल आणि मला जिलेबी गरम गरम खाता येईल.

सुरुवात सावजीपासून, म्हणजे आमच्या तिखट, तेलकट रश्श्याच्या जेवणापासून करू, कारण नागपुरात हा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथेच येतो. संध्याकाळी आठच्या सुमाराला कोणत्याही चालत्या सावजी भोजनालयाच्या पार्सल काउंटरपाशी जरा उभे राहा. पोट्ट्याच्या डाव्या हाताशी खिळ्याला पन्न्यांचा गठ्ठा लटकलेला असतो. तो एक ओढतो, चिमटीत चोळतो, फू करून उघडतो आणि गंजातून, म्हणजे मोठ्या पातेल्यातून, ओगराळं भरून रस्सा ओततो. पन्नी आतापर्यंत ताठ असते, रस्सा पडल्याबरोबर ती ढिली पडते, खालचे दोन्ही कोपरे लोंबतात, तर्री कडेकडेने वर चढते आणि पन्नी आतून लाल होऊन जाते. मग वरचं टोक पिरगाळायचं, रबराचे दोन वेढे, की गेली कॅरीबॅगमध्ये. सगळं मिळून दहा सेकंदही लागत नाहीत, हात बसलेला असतो त्याचा. आणि मग ती पन्नी ट्रॅफिकमधून अर्धा पाऊण तास हिंडून घरी येते, तोवर रस्सा तिच्यातच, गरमच.

आता याच्यात नेमकं काय होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते तसं प्लॅस्टिक वितळून पोटात जाते वगैरे काही होत नाही. रश्श्यात पाणी असते, त्यामुळे तो शंभर डिग्रीच्या आसपासच राहतो, आणि ज्याला आम्ही एलडी म्हणतो ती मऊ पारदर्शक पन्नी वितळते ११० च्या आसपास, एचएम म्हणजे ती कुरकुर वाजणारी वितळते १३० च्या आसपास, पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलिन १६० च्या आसपास. म्हणजे वितळत नाही, पण एलडी त्याच्या बरीच आधी मऊ पडते, म्हणूनच ते कोपरे लोंबतात. कढईतून काढलेले भजे किंवा समोसे मात्र वेगळी केस आहे, तळणीचं तेल १७० ते १८० डिग्रीला असते, निथळायच्या आत भजे पन्नीत टाकले तर भोक पडलेलं तुम्हीही पाहिलं असेल.

खरा मुद्दा न दिसणारा आहे. पन्नी म्हणजे नुसतं पॉलिथिन नसते. ते मशीनमध्ये जळू नये म्हणून त्याच्यात अँटिऑक्सिडंट असते, आणि पन्नीच्या दोन बाजू एकमेकींवर सहज सरकाव्यात म्हणून स्लिप नावाचं एक मेणचट द्रव्य टाकतात, तो पोट्टा फू करतो आणि पन्नी पटकन उघडते त्यात या स्लिपचा मोठा हात. ही सगळी द्रव्यं हळूहळू पन्नीतून अन्नात उतरतात. याला मायग्रेशन म्हणतात आणि ते शून्य कधीच नसते, कायदाही शून्य मागत नाही. एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे पॅकेजिंगचे नियम आहेत, त्यात मर्यादा दिली आहे, एक किलो अन्नात सगळं मिळून जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम, किंवा पन्नीच्या एका चौरस डेसिमीटरमागे १० मिलिग्रॅम. आणि पन्नीचा रंग अन्नात उतरलेला डोळ्याला दिसता कामा नये.

उतरण्याचा वेग कशाने वाढतो तर गरमीने, वेळेने आणि तेलाने. त्यातही तेल सगळ्यात वाईट, कारण ही द्रव्यं बहुतेक तेलात विरघळणारी आहेत, पाण्यात नाही. विश्वास बसत नसेल तर घरातला जुना प्लॅस्टिकचा टिफिन काढा. त्याच्यात एकदा सावजी नेलेलं असेल तर तो केशरी झालेला असेल आणि कितीही घासा, निघत नाही. तेल आणि त्याच्यातला रंग प्लॅस्टिकच्या आत शिरलेला असतो. जिथून आत जाता येते तिथून बाहेरही येता येते, एवढंच.

आणि सावजीचा रस्सा म्हणजे हे तिन्ही एकत्र. गरम आहे, तेलाचा थर आहे, आणि वेळ ट्रॅफिकच्या हाती. त्यात पन्नी पातळ असली तरी रश्श्याला लागणारा पृष्ठभाग भरपूर असतो, पावशेर रश्श्याला केवढी मोठी पन्नी लागते बघा. त्यामुळे या बाबतीत मी सरळ जुन्या वळणाचा आहे, स्टीलचा डबा घेऊन जातो. दुकानदार काही नाराज वगैरे होत नाही, उलट अर्धं ओगराळं जास्त टाकतो. डबा नसलाच तर तो जाड पीपीचा झाकणवाला कंटेनर मागा, आणि पन्नीतच आणलं असेल तर घरी आल्याबरोबर भांड्यात काढा, जेवायला वेळ आहे म्हणून पन्नी तशीच गरम पाण्यात सोडून ठेवू नका. हे फार लोक करून राहिले आहेत आणि स्वतःला हुशार समजून राहिले आहेत. कोणी म्हणेल, मी तर कॉलेजपासून असंच खाऊन राहिलो बे, मला काय झालं? काही झालं नाही, होणारही नाही कदाचित. एका पार्सलने कोणाला काही होत नाही. पण रोजचा डबा पन्नीतून येणारी पोरं आहेत होस्टेलवर, त्यांचा हिशोब वेगळा.

आता पन्नी येते कुठून. नागपूरच्या इतवारीत पॅकिंग मटेरियलच्या गल्ल्या आहेत, तिथे सगळं किलोने मिळते. जाडी सांगताना तिथे मायक्रॉन कोणी बोलत नाही, गेज बोलतात. शंभर गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन, दोनशे म्हणजे ५०, तेवढं ध्यानात ठेवलं तर कोणी गंडवणार नाही. दुकानदाराला "फूड ग्रेड द्या" म्हटलं की तो मान हलवतो आणि तोच गठ्ठा देतो जो त्याने आधीच्या गिऱ्हाइकाला नटबोल्ट भरायला दिला. त्याच्यापेक्षा असं विचारा की माल व्हर्जिन आहे की रिप्रोसेस. लाइनमधले हे शब्द वापरले की समोरचा जरा सावध होते. व्हर्जिन म्हणजे नव्या दाण्याचा, रिप्रोसेस म्हणजे जुनं प्लॅस्टिक गाळून परत केलेला. जुनं म्हणजे काय जुनं, ते कोणाला माहीत, त्याच्यात खताची पिशवी असेल, फिनाइलचा कॅन असेल. २०१८ च्या नियमांनी रिसायकल प्लॅस्टिक अन्न पॅक करायला, ठेवायला, न्यायला बंदच केलं होतं, पुढे २०२२ मध्ये फक्त रिसायकल पेटसाठी, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकसाठी, तेही अटी घालून, दार थोडं उघडलं. पन्नीला ते लागू नाही.

ओळखायचं कसं? घरगुती पद्धतीने पक्कं नाही ओळखता येत, पण काळी पन्नी, गडद हिरवी, गडद निळी, मळकट पांढरी, यांचा रंग बहुधा आतला कचरा झाकायलाच असतो. उजेडात धरली की बारीक काळे ठिपके, गाठी दिसतात, आम्ही त्याला जेल म्हणतो. गठ्ठा फोडून नाक आत घाला, चांगल्या एलडीला वास जवळजवळ नसतो, मेणासारखा अगदी हलका असला तर असला. जळका, साबणाचा, रॉकेलचा वास आला की ठेवून द्या. मटण काळ्या पन्नीत देतात ते लोकांना दिसू नये म्हणून देतात हे मला कळते, पण आत एक पारदर्शक चांगली पन्नी आणि बाहेरून काळी, एवढं तर सांगता येते ना भाऊला.

इथे एक मोठा गैरसमज आहे तो काढून टाकतो. लोकांना वाटते जाड पन्नी म्हणजे सेफ पन्नी, कारण सरकारने पातळ बंद केली. कॅरीबॅगची जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून किमान ७५ मायक्रॉन झाली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन. आपल्या महाराष्ट्रात तर मार्च २०१८ पासूनच बंदी, मनपाची गाडी आली की बाजारात कशी धावपळ होते ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पण हे जाडीचं गणित कचऱ्याचं आहे. जाड पन्नी परत वापरली जाते, कचरा वेचणाऱ्याला उचलायला परवडते, नाल्यात कमी जाते, म्हणून तो आकडा. अन्नाशी त्याचा काही संबंध नाही. रिसायकल कॅरीबॅग १२० मायक्रॉनची असली तरी तिच्यात गरम पोळ्या गुंडाळायच्या नाहीत. उलट ५० मायक्रॉनची दुधाची पिशवी बघा, जाडीत निम्म्याहून कमी पण अन्नासाठीच बनवलेली, चांगल्या मालाची, थंड राहणाऱ्या आणि दोन दिवसांत संपणाऱ्या वस्तूसाठी. ती धुऊन वाळवून त्याच्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, ठेवा फ्रीजमध्ये, काही हरकत नाही. लोणचं भरू नका.

पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर आहे म्हणजे पन्नी पास, हाही तसाच गैरसमज. तो नंबर माल बनवणाऱ्याच्या लायसन्सचा असतो, पन्नीचा नाही. आणि डब्याखाली त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो तो कोणतं प्लॅस्टिक आहे ते सांगतो, कचरा वेगळा करायला. ५ म्हणजे पीपी, ठीक आहे, पण ५ नंबरची तर खुर्चीही असते.

बरं, आता फ्लेक्स. हा विषय माझ्या डोक्यात दर उन्हाळ्यात जातो.

एप्रिल लागला की आमच्या गल्लीत प्रत्येक गच्चीवर कुरड्या, पापड, सरगुंडे, सांडगे. चांगली गोष्ट आहे, मी स्वतः खातो. पण खाली काय अंथरलं आहे ते बघायला मी एकदा वर गेलो, तर कोणत्या तरी भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स. साहेबांच्या गालावर, कपाळावर, "हार्दिक शुभेच्छा"वर ओळीने कुरड्या, आणि खालच्या शुभेच्छुकांच्या प्रत्येक गोल फोटोवर एकेक सांडगा, अगदी मापात बसलेला. काकू खुश, कारण फ्लेक्स फुकट मिळाला, जाड आहे, उडत नाही, आणि कुरडई पटकन सुटते.

तर फ्लेक्स हे असते पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक, नळाच्या पाइपसारखं. ते कापडासारखं लोळावं म्हणून त्याच्यात प्लॅस्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य घालतात, आणि ते थोडंथोडकं नसते. हे द्रव्य पीव्हीसीला घट्ट बांधलेलं नसते, उष्णतेने बाहेर येते, जुना फ्लेक्स उन्हात कडक होऊन चिरतो त्याचं एक कारण हेच. वर जी छपाई असते ती बाहेर ऊनपावसात टिकायची शाई, तिचा अन्नाशी संबंध येईल असं ती बनवणाऱ्याच्या स्वप्नातही नसते. आणि त्याच्यावर आपण काय ठेवतो, तर गरम गरम गव्हाचा चीक, कुरडई घालतानाच वाफ निघत असते. वरून नागपूरचं मे महिन्याचं ऊन, हवेतला पारा ४५ च्या वर, आणि उन्हात पसरलेली गडद रंगाची पन्नी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, हात ठेवून बघा. कुरडई कोरडी होईपर्यंत दोन तीन दिवस हे चालते.

कुरडईखाली जुनं धुतलेलं सुती धोतर किंवा लुगडं हेच उत्तम, पण त्याला चिकटते आणि काढताना तुटते ही काकूची तक्रार खरी आहे. मग पारदर्शक एलडीचा, नव्या मालाचा कागद मीटरवर मिळतो, तो घ्या, दोन तीन वर्षं फक्त वाळवणालाच वापरा, काळपट पडला की बदला. बांधकामावरची काळी ताडपत्री नको, खताच्या पिशव्या उसवून केलेलं नको. आणि पीठ जरा निवू द्या. तेवढ्याने बरंच काम होते.

पीव्हीसीचं निघालंच आहे तर क्लिंग रॅप. मिठाईच्या ट्रेवर, कापलेल्या फळांवर ती ताणून बसवतात ना, पारदर्शक, चिकटणारी. ती दोन प्रकारची येते, एक पीव्हीसीची आणि एक पीईची, म्हणजे पॉलिथिनची. पीव्हीसीवाली मस्त चिकटते आणि मस्त ताणते, कारण तिच्यातही प्लॅस्टिसायझर. कापलेल्या टरबुजावर चालून जाईल, पण खवा, पनीर, लोणी, संत्रा बर्फी, असलं तुपातलं काही तिला टेकवू नये. खोक्यावर छापलेलं असते कोणती आहे ते. मायक्रोवेव्हमध्ये तर झाकण म्हणून ठेवली तरी अन्नाला लागू देऊ नका, मी स्वतः ताटलीच झाकतो.

आमच्या वहिनीने भिवापूरच्या मिरचीचं तिखट आणि दिवाळीत चिवडा विकायला सुरुवात केली, घरगुतीच पण आता ऑर्डर बऱ्या येऊन राहिल्या. तिच्यामुळे मला छोट्या धंदेवाल्यांच्या अडचणी जवळून कळल्या. मोठ्या कंपन्यांकडे पॅकेजिंगचा माणूस असतो, वहिनीकडे मी असतो, तोही रविवारी.

चिवडा साध्या एलडीत भरला तर कुरकुरीत राहते पण दोन आठवड्यांत खवट वास मारते. तिला वाटायचं तेल खराब होतं. पॉलिथिन ओलावा बऱ्यापैकी अडवते, पण ऑक्सिजन त्याच्यातून आरामात आत येते, आणि तेल खवट होते ते ऑक्सिजनने आणि उजेडाने. म्हणून नमकीनवाले ती आतून चांदीसारखी मेटलाइज्ड फिल्म वापरतात, आणि वरून नायट्रोजन भरतात. लोक म्हणतात हवा विकून राहिले, पण तो नायट्रोजन नसता तर चिप्स खवटही झाले असते आणि चुराही. वहिनीला नायट्रोजन परवडत नाही, तर मी म्हटलं मेटलाइज्ड पाऊच घे आणि महिन्याभरात संपेल एवढाच माल कर.

तिखटाला वेगळा त्रास. छापील पाऊच आले, दिसायला एकदम देखणे, पण उघडले की थिनरचा भपकारा. पाऊच दोन तीन थरांचा असतो, बाहेरच्या थराच्या आतल्या बाजूला छपाई, मग गोंद, मग अन्नाला लागणारा थर. शाईतलं आणि गोंदातलं सॉल्व्हंट मशीनवर नीट सुकवलं नाही तर ते आतच अडकून राहते, आणि दोन थर चिकटवणारा गोंद पूर्ण पिकायला रोल काही काळ कोमट खोलीत ठेवावा लागतो, त्याला क्युअरिंग म्हणतात. गोंद कच्चा असताना पाऊच बनवले तर नुसता वास नाही, गोंदातली नको ती द्रव्यं आतल्या थरातून अन्नापर्यंत पोचू शकतात. सणासुदीच्या घाईत क्युअरिंगवर पहिली कात्री लागते. वहिनीने सप्लायरला फोन केला तर तो म्हणाला "ताई, नवीन मालाला येतेच वास, दोन दिवस उघडं ठेवा, निघून जाईल." मी म्हटलं परत कर. खूप कुरकुर करून घेतले त्याने.

आणि हो, वास टाळायला म्हणून वर्तमानपत्रात बांधून देणं हा उपाय नाही, ते तर त्या २०१८ च्याच नियमांत नाव घेऊन बंद आहे. तर्री पोह्याची प्लेट पेपरवर ठेवून देणारे अजून आहेत.

पॅकिंगमध्ये सगळ्यात जास्त माल कशाने खराब होते विचाराल तर सीलने. मायग्रेशन वगैरे नंतर. तिखट भरताना पाऊचच्या तोंडाशी भुकटी उडते, चिवड्याचं तेल लागते, आणि त्याच्यावरच सीलर दाबला की वरून पट्टी पक्की दिसते पण आत बारीक बोगदे राहतात. तोंड कोरड्या कापडाने पुसून सील करा, आणि गठ्ठ्यातलं एखादं पाकीट पाण्याच्या बादलीत बुडवून दाबा, बुडबुडे आले तर मशीनची गरमी किंवा वेळ वाढवा. एक पैसा लागत नाही याला.

यापुढचं जरा लक्ष देऊन वाचा, कारण इथे मी मजाक करत नाही. आजकाल घरगुती व्हॅक्यूम मशीन स्वस्त झाली आहे आणि पोरंसोरं सगळी पुण्यात. त्यामुळे नागपूरच्या आया सावजी चिकन, पाटोडीचा रस्सा, शिजवलेली भाजी व्हॅक्यूम करून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवून राहिल्या आहेत. रात्रभराचा प्रवास, उन्हाळा, डिकी. "हवाच काढली, आता काय खराब होते?" असं मला एका शिकलेल्या माणसाने विचारलं.

हवा काढली म्हणजे हवेवर वाढणारे जंतू थांबले, बुरशी थांबली, म्हणून माल चांगला दिसते आणि वासही चांगला येते. पण क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू आहे त्याला हवा नकोच असते, तो बिनहवेतच वाढतो. त्याचे बीजाणू घरच्या शंभर डिग्रीच्या उकळीने मरत नाहीत. आंबट नसलेलं, ओलं, शिजवलेलं अन्न आणि कोमट तापमान मिळालं की तो वाढतो आणि जे विष तयार करतो ते माहीत असलेल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक आहे. पिशवी फुगेलच, वास येईलच असं नाही. बाजारात ते रेडी टू इट पाऊच असतात ना, दाल, राजमा, बाहेर ठेवले तरी महिनोन्‌महिने टिकणारे, ते व्हॅक्यूममुळे टिकत नाहीत. ते रिटॉर्टमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, पाऊच सील केल्यानंतर १२१ डिग्रीच्या आसपास शिजवलेले असतात, आणि तो पाऊचही तेवढी गरमी सोसणारा, अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा थर असलेला असतो. घरची नायलॉनची व्हॅक्यूम पिशवी आणि तो पाऊच यांचा काही संबंध नाही.

मग पोराला काही पाठवायचंच नाही का? पाठवा ना. कोरडं पाठवा, पापड, कुरड्या, तिखट, शेंगदाण्याची चटणी, व्हॅक्यूम करून पाठवा बिनधास्त. रस्सा पाठवायचा तर आधी पक्का गोठवा, थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या जेलसोबत टाका, सकाळी गोठलेला किंवा निदान थंडगार पोचला पाहिजे, कोमट पोचला तर पोराला सांगा टाकून दे बाप्पा, आईचं मन राखायला खाऊ नको. सांबारवडी तळून पाठवत असाल तर तीही ओल्या सारणाची आहे हे विसरू नका.

संत्र्याचं थोडक्यात. तोडल्यावरही फळ श्वास घेत असते, ऑक्सिजन घेते, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सोडते. बंद पन्नीत बांधलं की आत दव धरते, बुरशी येते, ऑक्सिजन संपला की आंबूस दारूसारखा वास. म्हणून भोकं असलेली पन्नी किंवा जाळी. पाहुण्यांना द्यायची संत्री पॅक पन्नीत गाठ मारून रेल्वेत नेऊ नका, अमरावती यायच्या आत घाम सुटते त्यांना.

शेवटी, जे कोणी विकायला काही बनवत असाल त्यांच्यासाठी. सप्लायरकडे मायग्रेशनचा टेस्ट रिपोर्ट मागा, मोठ्या फिल्मवाल्यांकडे तो असतोच. रिपोर्ट आला की वर "पास" बघून फाइलला लावू नका, वाचा. आपल्याकडे ही टेस्ट आयएस ९८४५ या भारतीय मानकाप्रमाणे होते. खऱ्या अन्नाऐवजी त्याच्यासारखं वागणारं द्रव वापरतात, पाणीदार मालासाठी डिस्टिल्ड पाणी, आंबट मालासाठी ३ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, तेलकट मालासाठी एन-हेप्टेन, आणि दारू असलेल्या पदार्थांसाठी अल्कोहोलचं पाणी. सोबत तापमान आणि वेळ लिहिलेली असते, बरेच दिवस ठेवायच्या मालासाठी हेप्टेन सोडून बाकी द्रवांत ४० डिग्रीला १० दिवस, गरम भरायच्या मालाला त्याच्यापेक्षा जास्त डिग्री. तारीख बघा, आणि सँपलचं वर्णन तुमच्याच फिल्मचं आहे का ते बघा, तेच थर, तीच जाडी, कारण दुसऱ्याच फिल्मचा जुना रिपोर्ट सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवणारे आहेत. वहिनीला जो आला होता त्याच्यात फक्त डिस्टिल्ड पाण्याची टेस्ट होती. पॅकिंग चिवड्याचं आणि टेस्ट पाण्याची, त्याचा तिला काय उपयोग. तिने सप्लायरला मेसेज टाकला, एन-हेप्टेनचा पाठवा. त्याने आधी विचारलं, ताई तुम्ही केमिस्ट आहात का. मग चार दिवसांनी पाठवला.